ड्रोनला नाक नसतं
रेवसच्या लाँचची वाट बघत परवा भाऊच्या धक्क्यावर उभा होतो. खाली पाण्यावर मोरपंखी तवंग, त्यात एक चप्पल. असा सप्तरंगी थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असू शकतो. आता म्हणे बंदरांवर ड्रोन फिरवायचे आणि फोटोवरून तवंग संगणकानं ओळखायचा. ओळखेल की! फक्त ढगाची सावली, शेवाळ, उन्हाची चकाकी, सगळंच त्याला तेल वाटू शकतं. शेजारच्या कोळीणमावशींनी टोपली खाली न ठेवताच निकाल दिला, ‘‘डिझेल हाय, वास नाय येत?’’ ड्रोन घ्याच, पण त्याच्यामागोमाग नमुन्याची बाटली घेऊन माणूस धाडा. नाहीतर फोटो तपासून होईतो ओहोटी पुरावा घेऊन पसार. आमची लाँचही त्या तवंगातूनच निघाली. चप्पल तेवढी धक्क्यालाच राहिली.