गॅस संपत नसतो

एप्रिल उजाडला की आपल्याकडे घरोघरी दोन वाक्यं ऐकू येतात. पहिलं, "यंदा ऊन जरा जास्तच आहे." आणि दुसरं, "एसीतला गॅस संपला वाटतं, भरून घ्यायला हवा." पहिल्या वाक्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसरं मात्र साफ चुकीचं आहे, आणि त्याची किंमत आपण, आपला मेकॅनिक आणि वरची हवा असे तिघे मिळून मोजतो आहोत.

स्कूटरमधलं पेट्रोल संपतं, कारण ते जळतं. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, जुना होऊन निकामीही होत नाही. बंद नळ्यांतून तो नुसता फिरत असतो. दीड टनाच्या एसीत साधारण किलोभर गॅस असतो आणि यंत्र पूर्ण जोमाने चालू असताना मिनिटाला दोन किलोच्या आसपास गॅस कॉम्प्रेसरमधून जातो. म्हणजे तोच गॅस मिनिटाला सुमारे दोन फेऱ्या मारतो. दहा वर्षं तो असाच फिरू शकतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही मराठी माध्यमातून बी. ए. झालेले, जन्मभर भूगोल आणि मराठी शिकवलंत, तुमचा एसीशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. माझा एक जुना विद्यार्थी फ्रीज-एसीची दुरुस्ती करतो. काही वर्षांपूर्वी तो एक मोठा छापील तक्ता घेऊन घरी आला. सगळं इंग्रजीत, आणि कागदभर रेषांचं जाळं. म्हणाला, "सर, ट्रेनिंगमध्ये हा दिला. कुणी नीट सांगितलं नाही. पण मला हा तुमच्या नकाशासारखा दिसतो. जरा बघता का?"

मी बघितला. आणि खरंच तो नकाशाच होता!

इंग्रजीत त्याला प्रेशर-एन्थाल्पी चार्ट म्हणतात. उभ्या अक्षावर दाब, आडव्या अक्षावर एन्थाल्पी. एन्थाल्पी या शब्दाला बिचकायचं कारण नाही. एक किलो गॅसच्या अंगात उष्णतेचा किती साठा आहे त्याचं ते मोजमाप, इतकं आपल्या कामापुरतं पुरे. त्यासाठी जडजंबाल संस्कृत शब्द घडवण्यापेक्षा एन्थाल्पीच म्हणावं आणि अर्थ मात्र मराठीत समजून द्यावा, असं माझं मत. एन्थाल्पी अक्षावर घेऊन असे तक्ते काढण्याची कल्पना ड्रेस्डेनचे प्राध्यापक रिचर्ड मोलियर यांची. १९०४ साली त्यांनी वाफेसाठी तसा तक्ता मांडला, म्हणून या जातीच्या तक्त्यांना आजही मोलियरचं नाव देतात.

तक्त्याच्या मधोमध एक टेकडी आहे. टेकडीच्या डावीकडे गॅस द्रवरूप, उजवीकडे वायुरूप, आणि टेकडीच्या पोटात दोन्हींचं मिश्रण, म्हणजे उकळणारा किंवा निवणारा गॅस. आडव्या रेषा या समभार रेषा (आताच्या पुस्तकांत समदाब रेषा म्हणतात). त्यांच्या जोडीला समताप रेषा. भूगोलात या दोघी एकमेकींपासून फटकून वागतात, इथे मात्र टेकडीच्या पोटात त्या एकाच वाटेने जातात. याचा अर्थ असा, की गॅस उकळत असताना दाब कळला की तापमान कळलंच. दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा तो हाच. उष्णता आत येत राहते, पण तापमान हलत नाही.

आणि दाब बदलला की उकळण्याचं तापमान बदलतं, हे तर आपल्या स्वयंपाकघराला ठाऊक आहे. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी शंभराच्या आतच उकळतं. एसीत हाच खेळ मुद्दाम केलेला असतो. घरातल्या कॉइलमध्ये दाब कमी ठेवायचा, म्हणजे गॅस ५ अंशांच्या सुमारास उकळतो आणि खोलीतली उष्णता शोषून घेतो. बाहेरच्या युनिटमध्ये दाब वाढवायचा, म्हणजे तोच गॅस ५० अंशांना निवतो आणि शोषलेली उष्णता बाहेरच्या उन्हातही टाकून देऊ शकतो.

तक्त्यावर हा सगळा प्रवास चार रेषांत मावतो. खालची आडवी रेषा घरातल्या कॉइलची, उजवीकडची तिरपी चढण कॉम्प्रेसरची, वरची आडवी रेषा बाहेरच्या कंडेन्सरची, आणि डावीकडची सरळ खाली उतरणारी रेषा कॅपिलरीची. जुन्या एसीतल्या आर-२२ गॅसचे ढोबळ आकडे घेतले, तर खालच्या रेषेवर दर किलोमागे सुमारे १५० किलोज्यूल उष्णता घरातून उचलली जाते, कॉम्प्रेसर आदर्श गणितात आणखी ३० च्या आसपास घालतो, आणि बाहेर १८० टाकले जातात. जमाखर्च चोख जुळतो! वीजबिल त्या ३० चं येतं आणि गारवा १५० चा मिळतो, हे मला तक्त्यावर बोट ठेवून पहिल्यांदा कळलं तेव्हा फार गंमत वाटली.

पण नुसत्या गमतीसाठी मी हे लिहीत नाही. मुद्दा दुरुस्तीचा आहे.

आपल्याकडे बहुतेक मेकॅनिक गेज लावतात, सक्शनचा दाब बघतात, आणि तो "पासष्ट-सत्तर पाउंड" भरला की काम झालं म्हणतात. हा आकडा खोटा नाही. आर-२२ साठी गेजवरचे ७० पाउंड म्हणजे ५ अंशांना उकळणं. पण एकच आकडा म्हणजे नकाशावरची एकच रेषा. माणूस त्या रेषेवर नेमका कुठे उभा आहे हे सांगायला दुसरी रेषा लागते. अक्षांश सांगितला आणि रेखांश सांगितलाच नाही, तर पत्ता कसा सापडणार?

एक उदाहरण घेऊ. दोन घरांतले दोन एसी, दोन्हींत आर-२२, आणि दोन्हीकडे सक्शन ५० पाउंड. म्हणजे दोन्हीकडे गॅस उणे ३ अंशांच्या आसपास उकळतोय. आता सक्शनच्या नळीला थर्मामीटर लावा. पहिल्या घरी नळी १७ अंश. उकळून झाल्यावर गॅस तब्बल २० अंश तापला आहे, म्हणजे कॉइलमध्ये पुरेसा गॅस पोचतच नाही, कॉइल उपाशी आहे. दुसऱ्या घरी नळी उणे १ अंश. तापला फक्त २ अंश. इथे गॅस भरपूर पोचतोय, पण त्याला उष्णताच मिळत नाही. फिल्टर धुळीने बंद झालाय, कॉइल मळलंय किंवा पंखा मंद फिरतोय. दुसऱ्या घरी फक्त फिल्टर धुवायचा होता. तिथे "दाब कमी आहे" म्हणून गॅस भरला, तर उद्या न उकळलेला द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जाईल, आणि कॉम्प्रेसर द्रव दाबण्यासाठी बनवलेला नसतो. शंभर रुपयांचं काम काही हजारांत गेलं!

पहिल्या घरीसुद्धा लगेच सिलिंडर उघडायचं कारण नाही. बाहेरच्या युनिटमधून निघणारी द्रवाची नळी बघायची. तिथला द्रव निवण्याच्या तापमानाहून चांगलाच गार असेल, तर गॅस आहे पण पुढे कॅपिलरी किंवा ड्रायर चोक आहे. जेमतेम तेवढाच असेल, तर गॅस खरोखर कमी आहे. उजवीकडचं जास्तीचं तापणं म्हणजे सुपरहीट आणि डावीकडचं जास्तीचं निवणं म्हणजे सबकूलिंग. टेकडीच्या दोन उतारांपासून आपण किती लांब आहोत, एवढाच त्यांचा अर्थ. वाट बघा कशी सरळ आहे! दोन दाब, दोन तापमानं, आणि तक्त्यावर चार ठिपके. एकच पथ्य पाळायचं. तक्त्यावरचा दाब निरपेक्ष असतो आणि गेज वातावरणाच्या दाबाला शून्य धरतं, म्हणून गेजच्या आकड्यात १५ पाउंड मिळवूनच तक्त्यावर बघायचं.

यावर माझ्या विद्यार्थ्याच्या धंद्यातले लोक जे म्हणतात तेही सांगायला हवं. ते म्हणतात, छतावर, भर उन्हात, शिडीवर उभं राहून कोण तक्ता उघडणार? गेजवर तापमानाचे आकडे छापलेले असतात, मोबाइलवर अ‍ॅप असतं, तेवढ्यात भागतं. बरोबर आहे. रोजच्या कामाला तक्ता उघडावा लागत नाही. पण गावाचा नकाशा एकदा डोक्यात बसला, की मग तो खिशात नसला तरी चालतो. ज्याने तो कधी पाहिलाच नाही, तो मात्र एका पाठ केलेल्या वाटेनेच जातो, आणि वाट बदलली की हरवतो.

आणि वाट बदलली आहे. आता नवीन घरगुती एसीत बहुधा आर-३२ असतो. त्यात ५ अंशांना उकळण्याचा दाब गेजवर सव्वाशे पाउंडांच्या जवळपास येतो. ज्याला "पासष्ट-सत्तर" पाठ आहे त्याने काय करायचं? शिवाय हा गॅस थोडा ज्वलनशील आहे, त्यामुळे अंदाजपंचे काम आता जिवाशीही येऊ शकतं. पुन्हा, नागपूरच्या ४५ अंशांत आणि पुण्याच्या ३५ अंशांत तेच यंत्र एकाच दाबावर चालत नाही. पाठांतर एका गॅसपुरतं आणि एका हवामानापुरतं उपयोगी. मी शिक्षक होतो, पाठांतराला मी कमी लेखत नाही. पाढे पाठ हवेतच. पण नुसत्या पाढ्यांवर गणित सुटत नाही.

तिसरा हिशेब हवेचा. एक किलो आर-२२ हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या मापाने तो सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडकवतो. आर-३२ चा आकडा ६७५ च्या आसपास, म्हणजे कमी, पण शून्य नव्हे. १९८७ च्या माँट्रियल करारात आणि २०१६ च्या किगाली दुरुस्तीत जगातल्या सरकारांनी या वायूंबद्दल वचनं दिली. ती शेवटी पाळली जाणार कुठे? तर आपल्या गच्चीवर, पाना घेऊन बसलेल्या एका तरुणाच्या हातून.

तो तरुण मंद असतो असं मला मुळीच वाटत नाही. दहावी होऊन आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेली मुलं मी बघतो. हाताने हुशार, नजरेने तीक्ष्ण. त्यांच्यासमोर हा तक्ता येतो तो इंग्रजीत, परीक्षेतल्या एका आकृतीपुरता, आणि काढून झाला की विसरण्यासाठी. भारत सरकारने मार्च २०१९ मध्ये थंडाव्याचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यात २०२२-२३ पर्यंत १ लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. उद्दिष्ट चांगलंच. पण प्रमाणपत्र भिंतीवर लागतं, आणि मला भिंतीवर हा तक्ता लागलेला बघायचा आहे. मोठा, रंगीत, मराठीत, आर-२२ चा एक आणि आर-३२ चा एक. आणि त्याच्यापुढे उभं राहून, कुकरचं उदाहरण देऊन शिकवणारा मास्तर. समताप रेषा सातवी-आठवीच्या मुलाला समजतात, तर वीस वर्षांच्या मेकॅनिकला का समजू नयेत?

आता आपली, म्हणजे गिऱ्हाइकांची बाजू. ती सगळ्यात लंगडी आहे. मेकॅनिकने तासभर बसून चार ठिकाणी तापमान घेतलं, फिल्टर धुतला आणि "गॅसची गरज नाही" असं सांगितलं, तर आपण म्हणतो, "काही केलंच नाहीस, पैसे कसले?" तोच दहा मिनिटांत गॅस भरून गेला, तर हजारो रुपये मुकाट्याने देतो. आमच्या ओळखीच्या एका घरात सलग तीन उन्हाळे गॅस भरला गेला, आणि गळती कुणी एकदाही शोधली नाही. दोष एकट्या मेकॅनिकचा कसा म्हणायचा? निदानाला पैसे द्यायचे नाहीत आणि औषधाला द्यायचे, अशी रीत आपण पाडली, तर औषधच विकलं जाणार.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. पुढच्या वेळी मेकॅनिक आला की "गॅस भर" असं सांगू नका. "गार होत नाही, कारण शोध" असं सांगा. त्याला पंखा लावून द्या, पाणी द्या, वेळ द्या. सुपरहीट किती आला ते विचारा. नसेल बघितला, तर रागावू नका, पुढच्या खेपेला तो बघून येईल. गॅस कमी निघाला, तर आधी गळती शोधून बुजवायला सांगा, मग व्हॅक्यूम करून, यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅममध्ये तोलून भरायला सांगा. आणि शोधण्याच्या कामाचे पैसे वेगळे द्या, हसतमुखाने द्या.

शाळेत मी मुलांना सांगत असे, नकाशा वाचता आला की परक्या गावातही माणूस ताठ मानेने चालतो, दर चौकात कुणाला विचारत बसावं लागत नाही. हातात पाना असलेल्या मुलांनाही तशी ताठ मान मिळायला हवी. त्यांचा नकाशा तयार आहे, शंभराहून जास्त वर्षांपासून तयार आहे. तो त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोचवणं तेवढं राहिलं आहे.