मुदत ३० नोव्हेंबर

हे निवेदन नाही. तुम्हाला, सरकारला, निवेदने देऊन झाली. प्रत्येकाची पोच आमच्या फाइलला आहे.

आम्ही एचआयव्हीसह जगणारे पुरुष. ट्रक चालवणारे, ऊसतोडीला जाणारे, मजूर अड्ड्यावर उभे राहणारे, समलैंगिक. आमची संघटना तालुक्या-तालुक्यात आहे.

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, गोळ्या सरकार २००४ पासून मोफत देते. त्यांच्यावरच आम्ही जिवंत आहोत. हे आम्ही विसरलेलो नाही.

एआरटी केंद्रात समुपदेशक डबी उपडी करतो. उरलेल्या गोळ्या मोजतो. जास्त उरल्या तर बोलणी बसतात. का उरल्या, हे विचारायला त्याला वेळ नसतो. बाहेर रांग असते. दोष त्याचा नाही. एवढ्या रांगेला एकच माणूस तुम्ही नेमलात.

गोळ्या उरतात दारूमुळे. झोप उडाल्यामुळे. घरी कळेल या धास्तीने. जगून काय करायचे, या विचाराने.

त्यावरचा उपचार दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या दिवशी. नवा केसपेपर. आणखी एक रोज बुडतो. तिथे पाठवणाऱ्या चिठ्ठीवर ‘एआरटी’ लिहिलेले असते आणि खिडकीवरचा माणूस ते सगळ्यांदेखत मोठ्याने वाचतो. संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करायला २०१८ पासून कायद्याने मनाई आहे.

म्हणून चिठ्ठ्या खिशातच राहतात. काही दिवसांनी माणूस एआरटीलाही येईनासा होतो. औषध तुटते. विषाणू औषधाला जुमानत नाही. अशा माणसांतले काही आम्ही खांद्यावरून नेले आहेत.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. कलम १८. सरकारच्या सर्व आरोग्य कार्यक्रमांत मानसिक आरोग्य सेवा समाविष्ट करणे सरकारवर बंधनकारक आहे. आम्ही मेहेरबानी मागत नाही.

एआरटीच्याच दिवशी, त्याच केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ बसवा. दर भेटीत झोप, दारू आणि आत्महत्येचे विचार यांची चौकशी करा, बंद दाराआड. व्यसनाचा उपचार तिथेच द्या. बाहेरगावी राबणाऱ्यांसाठी रविवारी केंद्र उघडा.

३० नोव्हेंबरपर्यंत आदेश निघाला नाही, तर १ डिसेंबरच्या, जागतिक एड्स दिनाच्या, तुमच्या रॅलीत आमचा एकही माणूस नसेल. आम्ही तुमच्या कार्यालयाच्या दारात बसलेले असू. त्याच आठवड्यात उच्च न्यायालयात याचिका दाखल होईल. मसुदा तयार आहे.

आमचा कुणीही गोळी चुकवणार नाही. गोळी घेऊनच धरण्याला बसेल.

उत्तर लेखी द्या. तोंडी आश्वासन स्वीकारले जाणार नाही.