स्थिर काय आहे?

शालेय विद्युतशास्त्रात चुकलेल्या उदाहरणाचे मूळ बहुधा आकडेमोडीत नसते. दिलेल्या परिपथात कोणती राशी कायम राहते आणि कोणती बदलते, हा प्रश्न आधी विचारला न जाण्यात ते असते. नववीत ओहमचा नियम शिकवताना विभवांतर, म्हणजे एकक प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेण्यासाठी करावे लागणारे कार्य, विद्युतधारा, म्हणजे एका सेकंदात वाहणारा प्रभार, आणि रोध ही तीन अक्षरे त्रिकोणात मांडून हवे ते अक्षर बोटाने झाकण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. युक्ती सोयीची खरी, पण त्रिकोणात नियमाच्या अटीला जागा नसते, आणि वाहकाची लांबी, जाडी, द्रव्य व तापमान कायम असले पाहिजे ही अट गळाली की उरते ते केवळ गुणाकार-भागाकाराचे गणित.

याचा पहिला चटका दहावीत बसतो. विद्युतशक्ती, म्हणजे दर सेकंदाला वापरली जाणारी ऊर्जा, धारेचा वर्ग गुणिले रोध अशी काढली तर रोध वाढताच ती वाढते, आणि विभवांतराचा वर्ग भागिले रोध अशी काढली तर रोध वाढताच घटते. मग खरे कोणते, असे एखादी चौकस विद्यार्थिनी विचारते, तेव्हा 'उदाहरणात जे दिले असेल ते सूत्र वापर' हे उत्तर परीक्षेपुरते चालते, समजण्यासाठी नाही. 230 व्होल्टचे दोन जुने तंतूचे बल्ब, एक 60 वॉटचा आणि दुसरा 100 वॉटचा, घेतले तर त्यांचे रोध अनुक्रमे सुमारे 882 आणि 529 ओहम येतात. समांतर जोडणीत दोहोंवर विभवांतर सारखेच असल्याने कमी रोधाचा 100 वॉटचा बल्ब अधिक प्रकाशतो. एकसर जोडणीत मात्र धारा सारखी असते, सुमारे 0.163 अँपिअर, तेव्हा 60 वॉटच्या बल्बात सुमारे 23 वॉट आणि 100 वॉटच्या बल्बात जेमतेम 14 वॉट शक्ती खर्च होते, आणि लहान आकड्याचा बल्ब वरचढ ठरतो. शिक्षकांनी लाकडी फळीवर होल्डर बसवून, मुलांचे हात दूर ठेवून, हे स्वतः दाखवावे. प्रत्यक्षात हे आकडे तंतोतंत मिळणार नाहीत, कारण तंतू थंड असताना त्याचा रोध प्रखर अवस्थेतील रोधाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असू शकतो. मंद जळणाऱ्या तंतूचा रोध त्यामुळे गणितात धरल्यापेक्षा कमीच भरतो.

स्थिरतेचा हा प्रश्न खुद्द ओहमपुढेही उभा होता. कोलोन येथील शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या या गृहस्थाचे प्रारंभीचे प्रयोग रासायनिक घटांवर चालले, पण धारा घेताच घटाचे विभवांतर ढळत असे. म्हणून भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्याने 1826 मध्ये बिस्मथ व तांब्याचे तपयुग्म, म्हणजे दोन सांधे भिन्न तापमानांना ठेवल्यास विभवांतर देणारी धातूंची जोडी, वापरले, आणि एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून उगमस्थानच अचल केले. नियम हाती आला तो त्यानंतर. आजच्या प्रयोगशाळेतही जुन्या घटांचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. त्यामुळे विभवांतर व्होल्टमीटरवर न वाचता घटांची संख्या दीडने गुणून कोष्टकात भरले की आलेखाची रेषा वाकते, आणि मग ती सरळ दिसावी म्हणून वाचने 'जुळवली' जातात. ही सवय मुलांना लागते ती शिक्षकांकडूनच.

तंतूचे बल्ब आता घरांतून जवळजवळ गेले आहेत, उदाहरणसंग्रहातून मात्र गेलेले नाहीत. 9 वॉटच्या एलईडी बल्बाची रोज पाच तास वापराने तीस दिवसांची ऊर्जा 1.35 युनिट, म्हणजे किलोवॉट-तास, होते आणि ते गणित निर्धोक आहे, कारण तेथे केवळ शक्ती व वेळ लागते. पण त्याच बल्बाचा रोध विभवांतराच्या वर्गाला 9 ने भागून काढायला सांगितला तर उत्तर सुमारे 5,878 ओहम येते, गुणही मिळतात, आणि बल्बातील परिपथ तर विभवांतर थोडे खालीवर झाले तरी एलईडीतील धारा शक्यतो कायम राखण्यासाठी बनवलेला असल्याने एवढ्या रोधाचा वाहक त्या बल्बात कोठेही सापडत नाही.