काप, अजून खाली काप!

"काप."

"एवढं?"

"एवढं काय एवढं! अजून खाली काप."

गेल्या ऑक्टोबरमधला रविवार. मी टेरेसवर उकिडवी बसलेली, हातात नवीकोरी कात्री, समोर बादलीला टेकवून ठेवलेला मोबाइल आणि मोबाइलमध्ये साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर आजी. दीड वर्षं जिवापाड जपलेला माझा गुलाब चांगला कमरेच्या वर गेला होता. हिरवागार! आणि आजी मला तो छाटायला सांगत होती. डेडलाइनच्या रात्रीसुद्धा माझे हात कधी एवढे थरथरले नसतील.

हा गुलाब साधा नाही, मंडळी. म्हणजे दिसायला साधाच आहे. पण साताऱ्याच्या आमच्या घरामागे, न्हाणीचं पाणी जायचं तिथे, एक गावठी गुलाबाचं झुडूप होतं. माझ्यापेक्षा उंच, दोन्ही हात पसरले तरी कवेत न येणारं आणि वासाने अख्खी गल्ली जागी करणारं. आजी लग्न होऊन आली तेव्हाही ते होतंच म्हणे. देवाला, वेणीला आणि उरलेलं गुलकंदाच्या बरणीत, असा त्याच्या फुलांचा हिशेब. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये घर बिल्डरला द्यायचं ठरलं. सगळे फ्लॅटच्या स्क्वेअर फुटांवर बोलत होते. आजी एवढंच म्हणाली, "झाडाचं काय?" कोणी उत्तर दिलं नाही. मग मी म्हटलं, "मी नेते." बोलून तर गेले!

आता माझा गुलाबांचा बायोडेटा ऐका. त्याआधी दोन मारले होते. पहिला पाण्याने, म्हणजे माझ्या अतिप्रेमाने. दुसऱ्याची गोष्ट जास्त लाजिरवाणी. नर्सरीतून लाल गुलाब आणला, दोन महिन्यांत बुडातून एक दणदणीत फांदी फुटली, मी खूश. बघताबघता सगळीकडे त्याच फांदीची पानं, फूल एकही नाही. आठ महिने मी त्याला खत घालत होते. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकू टेरेसवर पापड वाळत घालायला आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझा गुलाब केव्हाच मेलाय. हे जंगली आहे."

झालं असं होतं की नर्सरीतले बहुतेक गुलाब डोळा भरून केलेले असतात. खाली दणकट जंगली खुंट, वर हव्या त्या जातीचा डोळा. खुंट फुटला की तो सगळं अन्न स्वतःच खातो आणि वरचं झाड उपाशी मरतं. पानं मोजून जंगली फांदी ओळखायला जाऊ नका, चांगल्या गुलाबालाही कधीकधी सात पानं येतात. फांदी कुठून निघालीय ते बघा. डोळा भरलेल्या गाठीच्या खालून आली असेल तर ती परकी. वरवर कापून उपयोग नाही, माती बाजूला सारून थेट मुळाशी ओढून काढायची.

साताऱ्याच्या झुडपाला ही भानगडच नव्हती, ते स्वतःच्याच मुळांवर उभं होतं. पाऊस सुरू झाल्यावर मी त्याच्या बारा काड्या आणल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका. वरची दोनच पानं ठेवून अर्धी माती, अर्धी वाळू भरलेल्या पिशव्यांत खोचल्या आणि सावलीत ठेवल्या. मग पाच-सहा आठवडे काहीही करायचं नाही, एवढंच काम. ते मला जमेना! मुळं आली का बघायला मी रोज एखादी उपटायचे. अशा चार तर मीच मारल्या. सहा कुजल्या. उरल्या दोन.

त्या जानेवारीत घर पाडलं, झुडूपही गेलं. आजी काकाबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि दर रविवारी फोनवर माझ्याआधी त्या दोन काड्यांची चौकशी करायला लागली.

गावठी गुलाब म्हटलं तरी त्या नावाखाली दोन-तीन वेगळी झाडं खपतात, आमचं नेमकं कोणतं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण गुलकंदासाठी लावतात त्यातला एक, 'एडवर्ड' नावाचा, मूळचा बूर्बों घराण्यातला. हे नाव हिंद महासागरातल्या रेयुनियाँ बेटाच्या जुन्या नावावरून आलंय. म्हणजे आपला गावठीसुद्धा कधीकाळचा बाहेरगावचाच, पुण्यात सेटल झालेल्या तुमच्या-माझ्यासारखा.

फुलवाल्याकडचे लांब दांड्याचे डच गुलाब आणि हे झुडूप यांची तुलना करू नका. तिथे एका दांड्यावर एक रेखीव फूल, तेही पॉलिहाऊसमध्ये लाड करून. इथे घोसाने फुलं येतात, दुपारपर्यंत पाकळ्या गळायला लागतात, फ्लॉवरपॉटमध्ये काही शोभत नाहीत. पण वास! आणि मागण्या अगदी मोजक्या. पाच-सहा तासांचं ऊन, निदान चौदा इंची कुंडी, दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग वाळू. बोट खुपसून वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी, तेही सकाळी आणि बुडाशी. मार्चमध्ये पानांखाली लाल कोळी आले, तेव्हा पाइपचा जोरदार फवारा खालून मारला, चार दिवसांत आटोपलं. थंडीत भुरी येते. पांढरी पावडर दिसली की ती पानं काढायची आणि झाडाच्या मध्यातून हवा खेळू द्यायची.

छाटणीही त्यासाठीच. पाऊस संपून ऊन पडलं की आपल्याकडे छाटणीची वेळ. वाळलेलं, एकमेकांवर घासणारं, पेन्सिलीपेक्षा बारीक असलेलं सगळं काढायचं. उरलेल्या चार-पाच जाड फांद्या साधारण एक तृतीयांश उतरवायच्या. काप बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर आणि तिरका, म्हणजे पाणी साचत नाही. कापलेल्या टोकांना बुरशीनाशकाची पेस्ट, नाहीतर फांदी वरून काळी पडत खाली येते. आजीच्या मते मुळंही उघडी करून उन्हात ठेवायला हवीत. जमिनीतल्या झाडाला पूर्वी करायचे तसं, पण कुंडीत माझी छाती झाली नाही. एवढं एकच मी ऐकलं नाही.

कापून झाल्यावर कुंडीत पाच काटक्या उरल्या होत्या. मी रडवेली. आजी म्हणाली, "आता जा, आंघोळ कर. त्याच्याकडे बघत बसू नकोस."

बाराव्या दिवशी लाल कोंब दिसले. साडेसहा आठवड्यांनी, डिसेंबरच्या सुरुवातीला, ऑफिसची मीटिंग ऑन करून चहा घेऊन टेरेसवर आले तर तोच वास. एकाच फांदीवर तीन फुलं! मी मीटिंग म्यूट केली.

दुसरी कुंडी पुढच्या शनिवारी एसटीने साताऱ्याला नेली, मांडीवर धरून. कंडक्टरने तिकीट मागितलं नाही, शेजारच्या मावशींनी मात्र एक फूल मागितलं. दिलं. काकाच्या फ्लॅटची बाल्कनी पूर्वेची, अकरापर्यंत ऊन. आजीने कुंडी खाली ठेवायला लावली, चष्मा पुसला, एक पान उलटं करून बघितलं, मग फुलाशी नाक नेलं आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

मग म्हणाली, "कुंडी लहान आणलीस."