थेंब केवळ डोळ्यांसाठी नव्हेत

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. लसीकरणाचे सत्र हुकते आणि सोबत ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोसही. लस नंतर आठवणीने दिली जाते. डोस मात्र राहून जाऊ शकतो. रातांधळेपणा आता फारसा दिसत नाही, मग घाई कशाला, असे अनेकांना वाटते. हा समज धोक्याचा आहे.

या जीवनसत्त्वापासून शरीरात रेटिनॉइक आम्ल बनते. पेशींच्या केंद्रकात जाऊन ते जनुकांचे काम चालू-बंद करते. त्याच्या इशाऱ्याने अस्थिमज्जेतील कोवळ्या पांढऱ्या पेशी परिपक्व होतात. म्हणूनच रक्ताच्या एका कर्करोगात ते औषध म्हणून वापरतात. टी पेशींना आतड्याकडे वळवणे, बी पेशींकडून आतड्याचे रक्षण करणारी प्रतिपिंडे बनवून घेणे, ही कामेही त्याचीच. ते कमी पडले की गोवर आणि जुलाब बळावतात. हे आजार उरलासुरला साठाही संपवतात. कुपोषित मूल या चक्रात अडकते.

इंडोनेशियात आल्फ्रेड सॉमर यांच्या १९८६ च्या अभ्यासात डोस दिलेल्या गावांतील बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. उत्तर प्रदेशातील सुमारे दहा लाख मुलांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र लाभ किरकोळ दिसला. त्यामुळे सरसकट डोस हवा का, यावर वाद आहे. पण जिथे आहार तोकडा आणि दवाखाना दूर, तिथे हा वाद डोस चुकवण्याची सबब होऊ शकत नाही.

नवव्या महिन्यात एक लाख युनिट, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख, असे एकूण नऊ डोस ठरलेले आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलभागात एक फेरी पावसाआधीच पूर्ण व्हायला हवी. प्रशिक्षित गावकरी बालमृत्यू रोखू शकतात, हे डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीतच दाखवले आहे. पूर येण्याआधी औषधाचा साठा गावाजवळच्या उपकेंद्रात पोहोचवणे अवघड नाही.

डोस हा आहाराला पर्याय नव्हे. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पिकलेली पपई ताटात हवी. भाजीला थोडे तेलही हवे, त्याशिवाय हे जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. अमृत आहार योजनेतील अंडे मुलाच्या तोंडापर्यंत पोहोचते का, हेही पाहावे. मात्र जास्तीचा डोस अपायकारक असतो आणि गरोदरपणात गर्भाला घातक ठरू शकतो. म्हणून पालकांनी मनाने औषध न देता बाळाच्या कार्डावरील तारीख तपासावी. रकाना रिकामा असेल, तर आशाताईंना आजच विचारावे.