रमाबाईंचा प्रश्न आणि चर्चचे उत्तर

ख्रिस्ती धर्मात स्त्रीचे स्थान कोणते, या प्रश्नाला त्या धर्माच्या ग्रंथातच दोन उत्तरे आढळतात. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल सांगतो की, ख्रिस्ताच्या ठायी स्त्री-पुरुष हा भेद उरत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मात्र स्त्रियांनी मंडळीत मौन पाळावे, असा दंडक येतो. पहिले वचन प्रवचनासाठी आणि दुसरे व्यवहारासाठी, अशी सोयीस्कर वाटणी चर्चने शतकानुशतके केली. या वाटणीविषयी रोखठोक प्रश्न विचारणारी एक स्त्री महाराष्ट्राने पाहिली. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

1858 साली जन्मलेल्या रमाबाईंना त्यांच्या संस्कृत विद्वत्तेबद्दल 1878 साली कलकत्त्यात 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. 1880 साली त्यांनी जातीबाहेर विवाह केला आणि 1882 साली त्यांना वैधव्य आले. 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता ही बाई चर्चच्या आज्ञेत राहील, अशी त्यांच्या विरोधकांची खात्री होती आणि त्यांच्या इंग्रज गुरुजनांची अपेक्षा होती. दोघांचाही अंदाज चुकला. चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा त्यांचा विचार कळताच हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. आपल्या वडिलांनी किंवा पतीने अशा अध्यापनास कधी आडकाठी केली नव्हती, याची आठवण रमाबाईंनी करून दिली. 1977 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा वाद सविस्तर वाचावयास मिळतो. धर्म स्वीकारला म्हणजे सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीन केली असे होत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होय.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरणही याच जातीचे आहे. 1895 साली रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले, म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. पतीच्या निर्णयाला स्वतःचा निर्णय मानण्याचे नाकारून, पुढे काही वर्षांनी, स्वतःची खात्री पटल्यावरच त्यांनी ती वाट धरली. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे ध्यानात घ्यावे.

परंतु विवेकाच्या स्वातंत्र्याला उपजीविकेचा आधार नसेल, तर ते फार काळ टिकत नाही. रमाबाईंना हे अर्थशास्त्र उत्तम कळले होते. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली व विधवा केडगावी आणल्या आणि मुक्ती मिशनमध्ये त्यांना शेती, विणकाम, छापखान्याची कामे शिकविली. अर्थात त्यांनाही त्यांचीच कसोटी लावली पाहिजे. भुकेने आश्रयास आलेल्या मुलीला धर्माच्या बाबतीत निवडीची मोकळीक कितपत होती, हा प्रश्न श्रद्धेपोटी टाळता येणार नाही.

चर्चच्या व्यवहाराचे प्रतिबिंब कायद्यातही पडले होते. 1869 च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे असे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 साली ही विषमता अवैध ठरविली आणि संसदेने 2001 साली कायदा सुधारला. त्रावणकोरच्या जुन्या कायद्याने मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. मेरी रॉय यांच्या खटल्यात 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा अंमल संपला असल्याचे स्पष्ट केले. ईश्वरासमोरची समता वाटणीपत्रात उतरण्यासाठी स्त्रीला न्यायालयाची पायरी चढावी लागली, हे लक्षणीय आहे.

चर्च बदलत नाही, असे मात्र नव्हे. दक्षिण भारत चर्चने 2013 साली एका स्त्रीला बिशपपद दिले. रोमन कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरुपद अद्याप पुरुषांपुरतेच आहे. दरम्यान प्रश्न अधिक व्यापक झाला आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचा आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. व्हॅटिकनने 2024 सालच्या घोषणापत्रात मानवी प्रतिष्ठा अनंत मानली, पण लिंगभावाचा नवा विचार नाकारला. प्रवचन आणि व्यवहार यांतील जुने अंतर येथेही जाणवते.

आपल्या यवतमाळात 1953 पासून 1983 साली पुण्यास जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. म्हणजे धर्मशास्त्राच्या अशा चर्चेला हा जिल्हा अपरिचित नाही. आणि हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती समाजाचाही नाही. पुसदसारख्या गावात मुली पदवीधर होतात, नोकरी करतात; पण त्यांनी कोणाशी विवाह करावा, पगार कोणाच्या हाती द्यावा, हे बहुधा घरातील वडीलधारेच ठरवितात. चर्चला नावे ठेवण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या उंबरठ्याच्या आत पाहावे. मी कोण, हे सांगण्याचा पहिला अधिकार ज्याचा त्याला देण्यास जो धर्म, जे घर कचरते, त्याने समतेची वचने कितीही उच्चारली तरी ती पोकळच राहतील.