मामांचं भिंग

गेल्या शनिवारी धर्मापुरीला मामांकडे गेलो होतो. परळी तालुक्यातलं गाव, जुन्या केदारेश्वर मंदिरामुळे ऐकलं असेल कदाचित. मंदिर पाहून घरी आलो तर मामा म्हणाले, "ह्याच्यावर काही लिहिलेलं असेल तर काढून दे बरं फोनवर."

दिलं काढून. रेंज येऊन-जाऊन, त्यामुळे पान उघडायलाच वेळ लागला. मग कुकीजची परवानगी, मग 'नोटिफिकेशन हवंय का', मग कोपऱ्यातून एक व्हिडिओ. ही सगळी झाडलोट केल्यावर मजकूर दिसला. फिकट करडा आणि मुंगीएवढा! मामांनी दोन बोटांनी तो मोठा करून पाहिला. होईना. शेवटी उशाजवळचं भिंग काढलं आणि फोनवर धरलं.

मी ओशाळलो. कारण झूम बंद करणारी ती एक ओळ मीही लिहिली आहे, दुसऱ्या एका साईटवर. क्लायंटला सगळं 'ॲपसारखं' हवं होतं. दोन मिनिटांचं काम. मजकूर दुप्पट मोठा करता आला पाहिजे, हे 2008 सालच्या डब्ल्यूसीएजी 2.0 मध्ये स्पष्ट लिहिलंय आणि मला ते माहीत होतं. (आयफोनच्या सफारीनं 2016 पासून ही ओळ जुमानायचंच सोडलं. ब्राउझरला आमच्यापेक्षा जास्त अक्कल.)

खरं तर वाचायच्या पानाला लागतं काय? यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे दोन हजार शब्दांचा लेख साधारण 35-40 केबी. बाकीचे मेगाबाइट आपली हौस! आणि मराठीला जे हवं ते मात्र आपण देत नाही. वर वेलांट्या-रफार, खाली उकार, म्हणून ओळींत जरा जास्त जागा लागते. इंग्रजी टेम्प्लेटमधलं अंतर तसंच ठेवलं की दाटी होते. 'स्टायलिश' दिसावं म्हणून लेटर-स्पेसिंग वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. पानाची भाषा मराठी आहे एवढं कोडमध्ये सांगितलं, तर स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो, काही फॉन्टांत 'ल' आणि 'श'सुद्धा आपल्या वळणाचे येतात. पण तेवढंही आपण सांगत नाही.

असो. मामांना रीडर मोड लावून दिला, अक्षर मोठं केलं. भिंग बाजूला ठेवून वाचत बसले. मामींना चहा दोनदा गरम करावा लागला.

त्या जुन्या साईटचं काम आता माझ्याकडे नाही. तरी तिथल्या एका मित्राला मेल टाकलाय, ती ओळ काढ म्हणून. अजून उत्तर नाही.